पिंजाऱ्याची तिसरी नळी

रहेमतुल्ला पिंजारी डोणगावात गाद्या भरायचा. त्याचे दोन्ही थोरले भाऊ हृदय फुगून चाळिशीतच गेले होते. म्हणून आमच्या संशोधनात त्याचं नाव होतं, आणि दर तीन महिन्यांनी मी, गोकुळ, त्याचं रक्त न्यायला मेहकरहून मोटारसायकलवर जायचो.

संशोधन मायक्रो आरएनएचं. हे काय असतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पेशीतली सासू. स्वतः काही रांधत नाही, पण कोणी किती रांधायचं ते ठरवते. हृदय थकायला लागलं की यातल्या काही सासवा रक्तात जास्त दिसतात. तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

दुसऱ्या नळीत त्या सासवांचा आकडा चढला होता. एवढ्यावर निदान होत नाही. पण संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं, तिसऱ्या नळीतही चढला तर त्याला लगेच इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, बोलवायचं.

तिसऱ्या खेपेला एप्रिल होता. रक्त काढलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवणार तोच त्याची बायको सलीमा ताट घेऊन आली. "आमच्या दारातून कोणी उपाशी नाई जात, भाऊ," तो म्हणाला. मी हात धुवायला उठलो आणि नळी खिडकीत राहिली. वांग्याची भाजी, गरम भाकरी, त्यावर गप्पा. दीड तास नळीवर ऊन होतं.

मेहकरला नळी यंत्रात फिरवली. वर पिवळसर पाणी यायला हवं, ते लाल आलं. तांबड्या पेशी फुटून त्यांचे आरएनए सगळीकडे मिसळले होते, हृदयाचं काही कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत जायला हवं होतं. रस्ता अर्ध्या तासाचा. पण बाईंना चूक सांगावी लागली असती. मी 'नमुना खराब' लिहिलं आणि जुलैची तारीख टाकली. मी आळशी आहे, आणि त्याहून भित्रा.

जूनच्या सुरुवातीला, पिंजायचं यंत्र चालू असतानाच तो कापसाच्या ढिगावर बसला, तो उठलाच नाही. इको झाला असता तर वाचला असता, असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बोलावणं तरी गेलं असतं.

सलीमाची इद्दत, नवरा गेल्यावर घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर, ऑक्टोबरात, त्याच्या मुलीचं, आयशाचं, रक्त घ्यायला गेलो. बावीस वर्षांची आहे, आता गाद्या तीच भरते. नळी भरताच बर्फात ठेवली, झाकण लावलं. सलीमाने ताट आणलं. पुन्हा वांग्याचीच भाजी. मी उभ्यानेच नको म्हणालो.

ती ताट घेऊन दारापर्यंत आली.

"ते असते त तुमाले असं जाऊ देलं असतं का? माह्या हातून काही चुकलं का, भाऊ?"

मी 'नाही' म्हणालो, आणि गाडीला किक मारली.