वेलिझारने पकडलेला कंपायलर

वेलिझार गोचेव्ह बावन्न वर्षांचा होता आणि आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. निदान प्लॉवदिव शहरातल्या चार माणसांच्या कचेरीत त्याला चुकताना कुणी पाहिलं नव्हतं, कारण चूक निघाली की ती शेजारच्या टेबलावर सरकायची. केबल खराब असायची, गिऱ्हाईक अडाणी असायचं, नवी पोरं कामचुकार असायची. या सगळ्यांवर बोट ठेवून झालं, तेव्हा त्याने थेट कंपायलर पकडला.

ही कचेरी शीतगृहांच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायची. वर रोदोपीच्या डोंगरात झाफिरा नावाच्या बाईचं चीज मुरवायचं शीतगृह होतं. तिथे उंदराने तापमापकाची तार कुरतडली, यंत्राला आकड्याऐवजी भलतंच काहीतरी मिळू लागलं आणि गारवा थांबला. अशा वेळी भोंगा वाजायला हवा. तो वाजला नाही. झाफिरा सहज आत डोकावली म्हणून माल वाचला.

नवी तार जोडून तिने फोन केला. "कश्कवाल चीजच्या तीनशे ढेपा आहेत आत. अख्ख्या उन्हाळ्याचं दूध आहे त्यात. भोंग्याचं तेवढं बघा हो."

वेलिझारने प्रोग्राम वाचला. तपासणी लिहिलेली होती: आलेला आकडा हा आकडाच नसेल, तर भोंगा वाजव. मग त्याने कंपायलरने, म्हणजे हे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, काय उतरवलंय ते उघडलं. तपासणी गायब. इथे दुसरा माणूस जरा थबकला असता. लाखो लोक रोज वापरतात तो कंपायलर नेमक्या आपल्याच ओळी का खातो, असं त्याच्या मनात आलं असतं. वेलिझारच्या मनात आलं की लाखो लोकांना जे दिसलं नाही ते आपल्याला दिसलं.

त्याने कंपायलर बनवणाऱ्यांना चार पानी तक्रार धाडली, तीही सगळ्या जगाला वाचता येईल अशा जागी. आणि ज्याच्याकडे आनंदाची बातमी त्याने सगळ्यांना खिलवायचं, या रिवाजाला धरून दुसऱ्या दिवशी चॉकलेटचा डबा आणि दोन तबकं चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा घेऊन आला. लोकांकडे बाळ झालं की असा डबा येतो. याच्याकडे दुसऱ्याची चूक झाली होती.

"काका," रोसित्सा म्हणाली. ती तिथे दीड वर्षापूर्वी लागलेली. "आपली बिल्डची फाइल एकदा बघू या का? कंपायलरला आपण काय काय सूचना देतो ते?"

"ती फाइल मी लिहिलीय."

"हो, पण बघायला काय जातंय?"

"पोरी, बानित्सा खा. गार होतीय."

रोसित्साने खाल्ली. स्वतःचाच राग आला तिला, पण खाल्ली.

झाफिराचा पुन्हा फोन आला. "बाई, हे माझ्या हातात नाही," वेलिझार ऐटीत म्हणाला. "मोठमोठी माणसं लक्ष घालताहेत. उत्तर आलं की करतो."

"आणि तोवर?"

"तोवर उंदीर मारा."

उत्तर नवव्या दिवशी आलं. जेमतेम तीन ओळी. 'तुमच्या बिल्डच्या फाइलमध्ये चौदाव्या ओळीवर तुम्हीच सांगितलं आहे की काम वेगाने व्हावं म्हणून आकडा नसलेलं काही कधी येणारच नाही असं धरा. म्हणून कंपायलरने ती तपासणी वगळली. ओळ काढा. तक्रार बंद.' ती ओळ खुद्द वेलिझारने वसंतात घातली होती, यंत्र चपळ व्हावं म्हणून. रोसित्साने ती खोडली, पुन्हा बिल्ड केलं आणि टेबलावरच्या चाचणीच्या यंत्राच्या तापमापकाची तार उपटली. भोंगा कोकलला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

तिने लगेच झाफिराला फोन लावला.

"रविवारी तार परत तुटली," झाफिरा म्हणाली. "मी भाच्याच्या लग्नाला गेले होते. आता ढेपा डुकरांना घालतेय. त्या साहेबांना द्या जरा."

वेलिझारने फोन घेतला. कंपायलरची माहितीपुस्तिका त्या चौदाव्या ओळीबद्दल किती मोघम आहे आणि ही माणसं साध्या उत्तराला कसे नऊ दिवस लावतात, ते त्याने तिला सविस्तर सांगितलं.

झाफिराने ऐकून घेतलं. "म्हणजे ती ओळ तुमचीच?"

"तसं म्हटलं तर, हो."

"आणि स्वतः काय लिहिलंय ते कळायला तुम्ही नऊ दिवस परक्यांच्या पत्राची वाट बघितलीत."

तिने फोन ठेवला. वेलिझारने हातातला फोन कानाला तसाच धरला आणि बोलत राहिला, आवाज चढवून, साऱ्या कचेरीला ऐकू जावं म्हणून.