निळ्या डोळ्याची अंगठी

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे रत्नागिरीत मुंबईच्या अंगठ्यांची टूम निघाली होती. हलक्या सोन्याची, यंत्रावर ठोकलेली अंगठी आणि वर मिन्याचा निळा डोळा. नजर लागत नाही, दर्या सांभाळतो, असं विकणारे सांगत. गलबतांवरचे तरुण मुंबईहून येताना हमखास ती घालून येत. आम्हा सोनारांना तो माल मनातून आवडत नसे, पण ती सैल नाहीतर घट्ट करायला लोक आमच्याकडेच येत.

मांडवीच्या एका खलाशाची अंगठी मी अशीच वाढवून दिली होती. दोर ओढून ओढून त्याची पेरं जाड झालेली, अंगठी अर्ध्यातच अडायची. मी ती मागून कापून आमच्याकडच्या चोख सोन्याचा तुकडा मध्ये बसवला. हात उलटसुलट करून बघत तो खुशीत गेला. नारळी पौर्णिमा झाल्यावर त्याचं गलबत काठेवाडाकडे गेलं.

कार्तिकात वादळ झालं. एकेक करून बरीच गलबतं परतली. त्याचं आलं नाही.

एका सकाळी त्या खलाशाचा बाप आणि त्याची बायको माझ्या दुकानाची पायरी चढली. बाप जन्मभर तांडेल होता, वादळात सुकाणू धरलेला माणूस. त्याने रुमालाची गाठ सोडली, ती त्याला लवकर सुटेना. आतली अंगठी त्याने माझ्यासमोर ठेवली.

"दाभोळच्या बाजूला किनाऱ्यावर एक प्रेत लागलं," तो म्हणाला. "चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. तिथल्या लोकांनी माती दिली नि बोटातली ही काढून बंदरोबंदर विचारायला धाडली. शेट, ती वाढवलीत तुम्ही. ही माझ्या पोराची काय, ते तुम्हीच सांगा."

अंगठी काळवंडली होती. डोळ्याचा निळा मिना एका बाजूने उडाला होता. माप मोठं होतं, पण खलाशांची बोटं बहुधा मोठीच. मी भिंग लावून आतली बाजू फिरवत गेलो. कारखान्याचा एक सांधा दिसला. तो अशा प्रत्येक अंगठीला असतोच. मला हवे होते माझे दोन, बसवलेल्या तुकड्याच्या दोन टोकांचे. थोडं पुढे एक बारीक रेघ होती. सांधा म्हणावा तर सांधा, ओरखडा म्हणावा तर ओरखडा.

"काय दिसतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नीट कळत नाही, चाचा. आगीवर धरली तर सांध्याचा रंग उठून दिसेल. पण मिना राहायचा नाही."

"धरा."

"नको!" खांबाला टेकून उभी असलेली त्याची सून पुढे आली. "त्यांची असली तर? तो डोळा जाळू नका, दादा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मला हातानेच थांबवलं.

मग मला कसोटीचा दगड आठवला. मी बसवलेला तुकडा चोख होता, बाकीची अंगठी हलकी. दगडावर घासून तेजाब लावलं की हलक्या सोन्याची रेघ विरते, चोखाची टिकते. मी त्यांना तसं समजावलं. "मागच्या बाजूची रेघ पिवळी राहिली, तर तुकडा माझा," मी म्हणालो. पुढचं बोलायची गरज नव्हती.

अंगठीची बाजू दगडावर घासून एक रेघ ओढली, मग मागचा भाग घासून तिच्याशेजारी दुसरी. दोन्हींवर तेजाब फिरवलं. पहिली रेघ फिकट झाली, विरली. दुसरी तशीच होती. सून पुढे वाकली. मी दगड उजेडाकडे नेला. दुसरीही कडेने फिकी पडू लागली, आणि बघता बघता गेली. मी आणखी एकदा, जरा सरकवून घासून पाहिलं. तीही गेली.

"ही त्याची नाही," मी म्हणालो.

सून आधी हसली, मग तोंडावर पदर दाबून रडायला लागली. "कुणाची तरी आहेच ना," ती रडता रडता म्हणाली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अंगठी पुन्हा रुमालात बांधली.

ती दोघं गेली आणि माझ्या जिवाला घोर लागला. त्या दिवशी मी चोख सोनंच घेतलं होतं ना? की समोर पडलेली कुठलीतरी हलक्या सोन्याची पट्टी उचलली? नेहमीची सवय चोखाची, पण तो दिवस काही केल्या डोळ्यांपुढे येईना. मांडवीकडे जायचं मी टाळू लागलो.

पुढे बऱ्याच दिवसांनी म्हातारा एकटाच आला. लांबूनच हात वर करून ओरडला, "आला, शेट! पोरगा आला!" गलबताची डोलकाठी मोडली होती, वाऱ्याने ते वेरावळला नेऊन टाकलं होतं, दुरुस्ती होईतो सगळे तिथेच अडकले होते. मी त्याला बसवलं, पाणी दिलं.

"आणि ती अंगठी?" मी विचारलं.

"दाभोळला नेऊन दिली. त्या मेलेल्याचं माणूस शोधत आलं तर मिळेल त्यांना." त्याने पेला खाली ठेवला. "त्याला पुरलंय तिथे गेलो होतो. कोण, कुठला, काही ठाऊक नाही. फातिहा वाचला नि आलो."