बांधावर नेलेली तिपाई

माणसाला अक्कल नेमकी उशिराच का येते, देव जाणे. मला आली तेव्हा अक्का नव्हती.

अक्का माझी मोठी बहीण. लहानपणी बैलगाडीतून पडली, तेव्हापासून कमरेखाली लुळी. ओसरीवरची बाज सोडून ती कुठे जात नसे. मी रनाळ्यात शाळामास्तर, आणि आभाळाचं खूळ डोक्यात भरलेलं. साठच्या दशकातल्या एका वर्षी शेपटीचा तारा दिसणार अशी बातमी आली. अक्का म्हणाली, "भाऊ, माले बी दखाड ना."

तारा पहाटे पूर्वेला अगदी खाली दिसणार, आणि आमच्या ओसरीपुढे नेमकं शेजाऱ्याचं माडीचं घर. बघायचा तर मैलभर चालून तलावाच्या बांधावर जायला हवं. मी म्हणालो, "फोटू लई येसू." झालं, फोटो आणून द्यायचा शब्द देऊन बसलो.

पण ताऱ्यांचा फोटो असा सहज निघतो होय! आभाळ सरकत राहतं. कॅमेरा त्याच चालीने फिरवला नाही, तर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. माझ्याकडे छोटी दुर्बीण होती. तिच्या पाठीवर कुणाचा तरी उसना कॅमेरा आणून बांधायचा होता. अडलं होतं ते दुर्बीण ठेवायच्या बैठकीपाशी. लोहाराने लोखंडी बैठक दाखवली. दणकट, हलायचं नाव नाही. पण दोघांना उचलेना. अक्काच म्हणाली, "खांदावर मावी तेच ले."

मग अक्कलकुव्याहून साग आणला आणि सुताराकडून तिपाई करून घेतली. तिच्यावर ध्रुवाकडे रोखलेला तिरका आस, आणि तो हळूहळू फिरवायला एक स्क्रू. आस घसरू नये म्हणून मध्ये कोरड्या चामड्याची चकती, आणि ती आवळायला चाप. स्क्रू फिरवायचा सराव अक्का बाजेवर पडल्या पडल्या करायची, ओठांत आकडे मोजत. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, मेला माझा ताठा!

दसऱ्याला आमच्याकडे वखर, कोयते, विळे सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून पुजतात. अक्काने तिपाईही मागवून घेतली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मला गंमत वाटली.

दिवाळीनंतर तारा दिसू लागला. कॅमेरा हाती आला त्याच्या दुसऱ्या पहाटे मी तिपाई खांद्यावर टाकून बांधावर गेलो. काय सांगू! अर्ध्या आभाळभर पांढरी शेपटी. कॅमेरा उघडला, दुर्बिणीत खुणेला एक चांदणी धरली, आणि चांदणी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. कॅमेऱ्याच्या वजनाने आस घसरत होता. चाप आवळून आवळून बोटं सोलली. उजाडेपर्यंत सगळा रोल वाया गेला.

घरी येऊन चकती काढली, तर तेलाने चिंब. डोक्यात राख घालून ओरडलो, "हात कोणी लावला याला?"

अक्काचं तोंड एवढंसं झालं. "मीच तेल लायं, भाऊ. तुन्हं काम चांगलं व्हवो म्हनीसन."

"अडाणी ती अडाणीच!" मी म्हणालो. सख्ख्या बहिणीला. जीभ झडली का नाही तेव्हा?

ती चकती पदराने पुसू लागली. मग हळूच म्हणाली, "फोटू ऱ्हाऊ दे. माले उचली लई चाल ना तठे."

"तुले थंडी बाधी," असं म्हणून तिला बांधावर न्यायचं तोडून टाकलं आणि नवं चामडं कापायला बसलो. तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नवी चकती बसवून आणखी तीन पहाटे गेलो. तिन्ही वेळा ढग. आभाळ निवळलं तोवर तारा विझत आला होता. अक्काने पुन्हा विषय काढला नाही.

संक्रांतीच्या आधी तिला ताप भरला आणि आठ दिवसांत ती गेली. आमच्या स्मशानाची वाट तलावाच्या बांधावरूनच जाते. पुढचा खांदा मी दिला. कुणीतरी म्हणालं, मास्तर, खांदा बदला. मी नको म्हणालो. बदलण्याइतकं ओझं नव्हतंच. सुकून सुकून अक्का एवढीशी उरली होती.

त्या वाटेने मी तिपाई चार वेळा नेली होती. अक्काला पहिल्यांदाच नेत होतो.