खोकला बाहेर, बाळ आत

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे महाडला माझ्या घरी झालं, आणि घरी आलेला नातू मी पाहिला तो मोबाइलवर. मी काही परदेशात नव्हते. मी त्याच घरात, पुढच्या खोलीत होते. बाळ मागच्या खोलीत होतं आणि मधे फक्त स्वयंपाकघर. लेक आतून व्हिडिओ कॉल लावायची, मी बाहेरून बघायचे. कधी रेंज गेली की बाळ जांभईच्या मधेच थांबायचं. मग मी जागेवरूनच ओरडायचे, "दिसत नाही गं." फोनपेक्षा माझा आवाजच आधी पोचायचा.

कारण साधं होतं. मला खोकला झाला होता. दवाखान्यातून सोडताना बाळाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की सर्दी-खोकला असलेल्या कुणीही जवळ यायचं नाही, मग तो कुणीही असो. 'कुणीही' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते असं मला तेव्हा उगाच वाटलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या घशात खवखवलं. लेकीनं आतून कडी लावली.

आता यातली गंमत अशी, की आमच्या गोतावळ्यात खोकल्याची डॉक्टरीण मीच. माझ्या फडताळात ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी, बेहडा, खडीसाखर अशा बरण्या ओळीनं उभ्या असतात. अंगणात तुळस, गवती चहा आणि अडुळसा. पुतणे, भाचे, नणंदा मुंबईहून फोन करतात. मी चष्मा लावून विचारते, "कोरडा की कफाचा? झोपल्यावर वाढतो का?" आणि मग काढा सांगते. फोनवर बोलताना चष्मा कशाला लागतो, हे मला आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

तर या डॉक्टरणीनं स्वतःवर सगळे प्रयोग केले. मिठाच्या गुळण्या, ओव्याचा वाफारा, हळदीचं दूध, सुंठ-मिऱ्याचा काढा. समोरच्या घरातल्या चाचींनी त्यांच्या मुलानं कुवेतहून आणलेल्या बामची डबी पाठवली, तीही छातीला फासली. सगळ्यानं बरं वाटायचं, घसा मोकळा व्हायचा, आणि तासाभरानं खोकला परत घरच्यासारखा येऊन बसायचा. ह्यांनी हायवेच्या धुळीला दोष दिला. मी ह्यांच्या पंख्याला दिला.

पण बाळंतीण तर घरात होती. तिचं तेल-मालिश, शेक, बाळाची अंघोळ हे करणार कोण? मग विहीणबाईंना बोलवावं लागलं. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला मुलीच्या सासूला बोलवायचं, तेही कामाला! माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं मला जेवायला वाढलं नसतं.

विहीणबाई उमरठच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, काटक, कमी बोलणाऱ्या. पोलादपूरला एसटी बदलून दोन पिशव्या घेऊन आल्या. एका पिशवीत लुगडी, दुसरीत पाला. हातपाय धुऊन, मला लांबूनच नमस्कार करून त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. त्या खोलीची कडी त्यांच्यासाठी उघडली आणि माझ्यासमोर पुन्हा लागली.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात काहीतरी वाफवत होत्या. मी दारातून म्हणाले, "विहीणबाई, अडुळसा हवा होता तर अंगणात आहे की."

"बघितला," त्या म्हणाल्या. "मोरीच्या पाण्यावर वाढलाय. पानं मोठी हायत, पन कडू नाय. आमचा डोंगरातला हाय." आणि वाटीत काळपट हिरवा रस, वर मधाची धार घालून तो माझ्यापुढे ठेवला. "घ्या. तुमी आता गप पडून ऱ्हावा. बाळाकडं माझं हाय ना ध्यान."

विहिणीनं हातानं दिलेलं नको म्हणायचं नसतं. प्यायले. जीभ मुळापासून कडू झाली. पण मीही अशी सोडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सुंठ-मिऱ्याचा काढा पेलाभर करून त्यांच्यापुढे ठेवला. "बाळाजवळ असता, तुम्हीही घेतलेला बरा."

त्यांनी एका दमात पेला रिकामा केला. "ग्वाड हाय. गूळ जास्ती पडला," म्हणाल्या.

मग तो शिरस्ताच झाला. सकाळी त्यांनी मला रस द्यायचा, मी त्यांना काढा. दोघी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचो, एकमेकींकडे बघत. ह्यांना वाटत होतं विहिणींमध्ये किती प्रेम आहे.

दिवसभर मी बाहेरून फक्त वास घ्यायचे. तेलाचा, ओव्याच्या शेकाचा आणि बाळाच्या अंघोळीनंतर धुरीचा. विहीणबाई निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची टरफलं टाकायच्या. खरं तर डॉक्टरांनी लहान बाळाजवळ धूर नको असंही सांगितलं होतं. लेकीनं ते मला लगेच ऐकवलं असतं, पण सासूपुढे ती गप्प. मी व्हिडिओवर खुणा करून विचारलं, तर तिनं खांदे उडवले आणि बाळाला खिडकीशी घेतलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात एक गोष्ट आली. विहीणबाईंचा डावा गाल कायम थोडा फुगलेला असायचा. बोलताना त्या शब्द गालाच्या कडेनं काढायच्या. अधूनमधून मागच्या दारी जाऊन थुंकून यायच्या. मी मनात म्हटलं, तंबाखू. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. खोकला असलेली आई कडीच्या बाहेर आणि तंबाखूवाली सासू आत, हे लेकीच्या कानावर घालायलाच हवं, असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. 'मला काय, मी बाहेरच आहे, पण' अशी सुरुवात.

दुपारी त्या जेवायला बसल्या. जेवायच्या आधी त्यांनी गालातलं काढून ओट्याच्या कोपऱ्यात एका वाटीत ठेवलं. त्या पाणी प्यायला वळल्या तशी मी वाटीत डोकावले. तंबाखू नव्हती. बेहड्याची साल होती, तुपात परतलेली. मी गेली वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांना जी सांगत आले तीच. ती गालात धरून ठेवली की खोकल्याची उबळ दबते. खोकला जात नाही, दबतो. म्हणून ती लग्नाकार्यात, कीर्तनाला बसताना धरायची.

म्हणजे विहीणबाईंनाही खोकला होता आणि त्या तो लपवून बाळाजवळ बसत होत्या.

मी जुळवलेलं वाक्य विसरले. त्या भांडी घेऊन मागच्या दारी गेल्या तशी मी मागोमाग गेले, थोडी लांब उभी राहिले.

"विहीणबाई, खोकला कधीपासून आहे?"

"कुनाला? मला? नाय हो. ही सवय हाय तोंडात धरायची."

पण साल वाटीतच राहिली होती, गाल रिकामा होता. पुढचा शब्द आलाच नाही. उबळ आली आणि त्या भिंतीला हात टेकून वाकल्या. माझा खोकला म्हणजे घशातली कुरबुर. हा खालून, छातीच्या तळातून येत होता. थांबल्यावरही त्यांचा श्वास भरभर चालला होता. मी लांब उभं राहायचं विसरून कपाळाला हात लावला. तापलं होतं.

"ताप आहे तुम्हाला."

"हाय थोडा." त्या दगडावर बसल्या. "मी पदर बांधते तोंडाला. त्याच्यावर खोकत नाय कधी."

"पण बाळाला लागलं तर?"

त्यांनी एक भांडं ओढून घासायला घेतलं. मग म्हणाल्या, "माझा पोरगा झाला तेवा बारसं झालं न झालं, मी शेतावर. मालक मुंबईला. पोरगा सासूच्या मांडीवर वाढला. मी यायची तेवा तो निजलेला असायचा. आता नातू झाला तर म्हटलं, ह्याला तरी मी घेऊन बसन. तुमी आजारी पडलात. मला वाईट वाटलं, नाय असं नाय. पन बरं बी वाटलं."

तंबाखू समजून मलाही बरं वाटलं होतं, पण ते मी सांगितलं नाही. प्रत्येक गोष्ट सांगायचीच असं थोडंच आहे.

"तिला सांगू नका," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला."

"सांगावं लागेल. पण आधी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला. मला एकटीला जायचा कंटाळा येतो."

त्यांना कळलं की हे कारण खोटं आहे. तरी उठल्या. आत लुगडं बदलायलाही गेल्या नाहीत, तशाच चपला घालून निघाल्या. तळ्याजवळच्या आमच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी तोंडाला पदर लावून बाकावर बसलो.

डॉक्टरांनी आधी मला तपासलं. घसा बघितला, छाती ऐकली. "काही नाही. विषाणूचा आहे, जाईल आपोआप. गुळण्या, वाफ चालू ठेवा." माझा खोकला इतका किरकोळ निघाला की मला थोडा अपमानच वाटला.

मग विहीणबाईंची छाती ऐकली. पाठीवर एकाच जागी नळी पुन्हा पुन्हा ठेवली. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. शेजारच्या गल्लीत छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो बघून म्हणाले, उजवीकडे खाली न्यूमोनियाची सुरुवात आहे, आज आलात ते बरं झालं, गोळ्यांवर भागेल. मग विचारलं, "घरी काय काय घेतलंत?"

"अडुळशाचा रस," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि माझा काढा," मी म्हणाले.

"बेहडा बी."

"बेहडा माझ्याकडेही आहे."

डॉक्टर लिहायचे थांबले. "घ्या ते सगळं, घशाला बरं वाटतं. फक्त ताप असेल, धाप लागत असेल तर काढ्यावर थांबायचं नाही. इथे यायचं. आणि बरं होईपर्यंत बाळापासून लांब. दोघींनी." मग धुरीचं विचारलं. ती बंद करायला सांगितली. विहीणबाईंना न्यूमोनियापेक्षा ते जास्त लागलं. रस्त्यात म्हणाल्या, "धुरीशिवाय बाळ? मग अंग कसं भरायचं त्याचं?" मी म्हणाले, "दुधानं भरेल." मला खात्री नव्हती, पण आवाज खात्रीचा काढला.

घरी येऊन मीच लेकीला दाराबाहेरून सगळं सांगितलं. विहीणबाई अंगणात उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. मग कडी उघडली. लेक दारात आली. तिनं सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढा ताप घेऊन माझं अंग रगडत होतात. आता गोळी घ्या आणि झोपा." रागावली होती. बाळाला उचलून तिनं त्याच्या छातीकडे टक लावून पाहिलं, श्वास मोजावा तसं. आम्ही दोघीही तिकडेच बघत राहिलो. बाळ शिंकलं आणि आम्हा दोघींच्या काळजाचं पाणी झालं. बाळाच्या डॉक्टरांना फोन गेला. बाळ नीट पितंय, ताप नाही, श्वास शांत आहे, मग नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, बाकी काही नको, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी पनवेलहून जावई रजा टाकून आले. कंपनीत मोठ्या मशीनवर काम करणारा माणूस, बाळाला हात लावायला घाबरत होता. दुसऱ्या दिवशी अर्धी चड्डी घालून, पाय पसरून पाटावर बसले, पायांवर बाळ. आम्ही दोघी मास्क लावून खिडकीच्या बाहेर.

"मान धर रे, मान," विहीणबाई.

"पाणी आधी पायावर, डोक्यावर नाही," मी.

"डोक्यावरच आधी घालतात."

"आमच्याकडे पायावर."

"आई, तुम्ही दोघी गप्प बसता का?" जावई म्हणाले. त्यांनी पाणी आधी पोटावर घातलं. बाळ अजिबात रडलं नाही.

पुढचे दिवस आम्ही दोघी पुढच्या खोलीत दोन गाद्यांवर होतो. गोळ्यांच्या वेळा मी सांभाळत होते, रसाच्या त्या. व्हिडिओ कॉल आता दोघींना मिळून एकच होता. विहीणबाईंचा ताप उतरला, भूक लागायला लागली. पण डॉक्टरांनी अजून थोडं थांबा म्हटलं होतं. माझा खोकला आधी गेला.

लेकीला पटेना. "बोल," ती दारातून म्हणाली. मी बोलले. "माळ्याचा जिना चढून ये." आले. "आता हस." ते मात्र सोपं होतं. मग मी हात कोपरापर्यंत धुतले, मास्क लावला, आणि आत जाता जाता विहीणबाईंकडे बघितलं. त्या गादीवर उठून बसल्या होत्या.

"जावा," म्हणाल्या. "खिडकीशी बसा, म्हंजे मला दिसंल."

मी खिडकीशी पाटावर बसले. लेकीनं बाळ माझ्या हातांत दिलं. फोनवर दिसायचं त्यापेक्षा ते लहान होतं, आणि जड. विहीणबाई बाहेर खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या, गजांपासून चार हात लांब, पदर तोंडाला. मी बाळ थोडं उचलून तिकडे वळवलं. त्यांनी मान हलवली, काही सुचवलं नाही. बाळानं डोळे उघडले आणि माझ्या मास्ककडे बघत राहिलं. मी हललेच नाही.

"आई," लेक म्हणाली, "श्वास तरी घे."

मग घेतला.