दाब, धर, सोड

मामीचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "तुझे मामा गेले गो... सकाळी उठलेच नाय," एवढंच ती म्हणाली. फोन कट झाला की काय असं वाटून तिनं विचारलं, "आसस मां?" मी मान हलवली. फोनवर मान हलवून उपयोग नसतो, हे मामानं मला कितीदा तरी सांगितलं होतं.

मसुऱ्याला त्याच्या घरी मी दर मे महिन्यात जायची. इंग्रजी शाळेतली, मोजकं बोलणारी. मालवणी सगळी कळायची, पण बोलायला गेले की मामेभाऊ हसायचा, म्हणून मी तोंडच उघडत नसे. मामा कचेरीत कारकून. तिथं त्याचं कागदी मराठी. घरी आला की माणसांशी मालवणी आणि मोटरसायकलशीही मालवणीच. "काय गो, दमलंस?" असं तो तिला विचारायचा. मामी तिला सवत म्हणायची. "आधी तिका न्हाणतले, मगे माका हाक मारतले!"

पावसाळ्याआधी तो गाडीचं ब्रेक ऑइल बदलायचा. आमच्याकडच्या दमट हवेत ते ओलावा ओढून घेतं, रंगानं मधासारखं असतं ते कोऱ्या चहासारखं होतं, आणि मग एखाद्या उतारावर ब्रेक दगा देतो. मामाच्या मते हे दोघांचं काम. एकानं हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा छोटा नट सैल करायचा. वरच्या डबीत नवं ऑइल ओतत राहिलं की जुनं ऑइल आणि हवेचे बुडबुडे नटाला लावलेल्या नळीतून बाटलीत उतरतात. नट पुन्हा आवळला की मगच लिव्हर सोडायचा. आधी सुटला तर हवा परत आत. म्हणून मामाचे तीन हुकूम... दाब, धर, सोड.

पहिल्यांदा "धर" ऐकल्यावर मी लिव्हर धरला.

"धरलंस?" खालून आवाज आला. मी मान हलवली.

"गो बाय, मी हय चाकाकडे आसंय. तुझी मान माका दिसता काय? तू बोलल्याशिवाय मी नट खोलूचंय नाय."

"धरलंय," मी म्हटलं.

"बघ! मालवणी येता तुका!"

"हे मराठी आहे, मामा."

"आमीय असाच म्हणतो."

त्या दुपारी मी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हटला आणि कुणी हसलं नाही. पुढं दर वर्षी लिव्हर माझ्यासाठी राखून ठेवलेला असे. काम करता करता तो काहीबाही विचारायचा. नजर नटावरच असायची, त्यामुळे बोलणं सोपं जायचं. कॉलेजात एकटी जेवते, हे मी फक्त त्याला सांगितलं होतं. "मगे डब्यात मासे ने. वासान येतीत सगळी," तो म्हणाला... आणि खरंच आली.

दिवसकार्य झाल्यावर मामेभाऊ म्हणाला, गाडी विकून टाकू. मामी म्हणाली, "नको. ती चलवीत." ती म्हणजे मी, आता गाडी मी चालवायची. पण लिव्हर दाबला की थेट हँडलला टेकत होता, म्हणजे ब्रेकमध्ये हवा शिरली होती. मेकॅनिककडे नेता आली असती. मला वेगळीच भीती होती. या घरात माझ्याकडून बोलून घेणारा तो एकटाच होता. आता मी इथं नुसती मान हलवणारी पाहुणी होणार.

गेल्या रविवारी मी मामीला स्टुलावर बसवलं, तिचा हात लिव्हरवर ठेवला आणि मामाचा पाना घेऊन खाली बसले. आयुष्यात ती या गाडीला शिवली नव्हती.

"दाब... धर."

वरून काहीच आवाज नाही. बहुतेक तिनं मान हलवली असावी.

"मामी, बोल मां," मी म्हटलं. "तू बोलल्याशिवाय मी नट खोलूचंय नाय."

ती हसली की रडली, खालून कळलं नाही. "धरलंय गो बाये," ती म्हणाली. "आणि ह्या बोलणा तू खंय शिकलंस?"

बऱ्याच वेळानं बाटलीत काळपट ऑइलवर मधाच्या रंगाची धार पडू लागली. बुडबुडे थांबले. मी नट शेवटचा आवळला. आता फक्त तिसरा शब्द म्हणायचा राहिला होता.

"सोडू गो?" मामीनं विचारलं.

"रव जरा," म्हणत मी तिला थांबवलं.