नव्या ड्राइव्हवरची एकांकिका

नवरा शनिवारीही ऑफिसला निघाला होता. दारात बूट घालताना म्हणाला, "अगं, आज आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. ती नवी हार्ड ड्राइव्ह मी संध्याकाळी आलो की बसवू. तू कशाला हात लावू नकोस."

कशाला हात लावू नकोस म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात. पुण्यात कॉम्प्युटरचीच डिग्री घेऊन तीन वर्षं नोकरी केली होती मी. अमेरिकेत, ईडन प्रेरीत आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दोन वर्षं झाली होती. स्वतःचं असं मी एकच काम केलं होतं: गणपतीसाठी एक एकांकिका लिहिली होती. त्याच दुपारी तीन वाजता महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षकाकांच्या बेसमेंटमध्ये तिचं वाचन होतं. काकांना त्यांनी नागपुरात कधीकाळी बसवलेलं एक जुनं नाटकच पुन्हा करायचं होतं. त्यामुळे माझं वाचन आवडलं तर माझी एकांकिका, नाहीतर त्यांचं नाटक, असं ठरलं होतं.

वाचन तीनला, आणि आत्ता वाजले होते नऊ. म्हणजे वेळच वेळ! गाडी निघून गेल्याचा आवाज आला आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

कॅबिनेटचं झाकण निघालं तेव्हा आत दोन वर्षांची धूळ होती. ती पुसली, जुन्या ड्राइव्हशेजारी नवी बसवली, चपटी केबल दोन्हींना जोडली. मागे एक नखाएवढी क्लिप असते. ती कुठे लावली त्यावरून थोरली कोण आणि धाकटी कोण ते ठरतं. नव्या ड्राइव्हला मी लगेच थोरलेपण देऊन टाकलं. जुनी दहा जीबीची, कुंथत चालणारी. नवी ऐंशीची! जुनीवरचं सगळं जसंच्या तसं उचलता आलं असतं, पण तो दोन वर्षांचा कचरा मला नव्या घरात नको होता. सीडी घालून सिस्टिम नव्याने टाकली. पडद्यावर ती निळी पट्टी पुढे सरकत होती आणि मी चहा घेऊन समोर अशी बसले होते, जशी काही भारताची मॅच चालली आहे. मग फोटो, नवऱ्याच्या फायली, माझा एकांकिकेचा फोल्डर, सगळं एकेक करून नवीवर आणलं. फोल्डर मोजून बघितले. एकही कमी नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू! मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले, खोटं कशाला सांगू. आणि त्याच भरात जुनी ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळी झाले. तिच्यात आता नुसते फोटो ठेवू म्हटलं.

एक वाजता एकांकिका छापायला फाइल उघडली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं यांची नुसती मिसळ.

आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा आमच्यासारख्यांचं मराठी एका फॉन्टच्या फाइलवर चालायचं. ती फाइल कॉम्प्युटरमध्ये असली तर मराठी दिसायचं, नसली तर टाइप करताना दाबलेल्या इंग्रजी कळा तेवढ्या दिसायच्या. फॉन्ट राहायचा सिस्टिमच्या पोटात. माझ्या फोल्डरांत तो नव्हता, आणि सिस्टिम तर मी कचरा म्हणून पुसली होती. तो फॉन्ट भावाने पुण्याच्या एका छापखान्यातून मिळवून मेलने पाठवला होता. मेलबॉक्स भरला म्हणून ती मेलही मी उडवली होती. त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, कोणी उचलला नाही.

स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मोठी आली इंजिनिअर! मी खुर्चीत बसून रडले, चांगली पंधरा मिनिटं.

मग डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. पहिली ओळ vkbZ अशी सुरू होत होती. v, k, b, Z. माझी बोटं टेबलावर आपोआप हलली: आई. बारावीच्या सुट्टीत मी मराठी टायपिंगचा क्लास केला होता, आणि हा फॉन्ट त्याच कळांवर बसवलेला होता. पुढचा शब्द ?kj. घर! डोळ्यांना काही कळत नव्हतं, बोटांना सगळं कळत होतं. मी ओरडलेच. तेवीसच्या तेवीस पानं तशीच छापली आणि दोनदा मोठ्याने वाचून काढली. दुसऱ्यांदा जेमतेम चार ठिकाणी अडखळले.

बेसमेंटमध्ये नऊ जण होते. कागद छातीशी धरून मी वाचायला लागले. भारतातून आलेली सासू हिंगाची फोडणी देते, स्मोक अलार्म वाजतो आणि दारात अग्निशमन दलाची गाडी येऊन उभी राहते, तिथे सगळे हसले. ती सासू त्या जवानांना चहा पिऊन जायचा आग्रह करते, तिथे काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. माझा आवाज तोवर मोकळा झाला होता. मी सासू झाले, सून झाले, जवान झाले.

वाचन संपल्यावर काकू म्हणाल्या, "सासू मीच करणार हं! बघू ते पहिलं पान." मी द्यायच्या आत त्यांनी ते ओढून घेतलं. पालथं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. "अगं, हे काय आहे? प्रिंटर बिघडला का तुमचा?"

मी सगळं सांगून टाकलं. ड्राइव्ह, फॉन्ट, रडणं, सगळं.

काकांनी ते पान हातात घेतलं आणि पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. "म्हणजे इतका वेळ तू हे वाचत होतीस?"

"हो काका."

त्यांनी आपल्या जुन्या नाटकाची वही बाजूला ठेवली, कार्यक्रमाची यादी पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "फायनल. हीच करू. प्रती मात्र हाताने लिहून काढाव्या लागतील, आपण सगळे मिळून लिहू." मग यादीत त्यांनी एकांकिकेचं नाव घातलं, खाली 'लेखिका' लिहिलं आणि थांबले. जरा ओशाळून म्हणाले, "तुला आम्ही सगळे त्याची मिसेस म्हणूनच ओळखतो गं. तुझं नाव काय?"

दोन वर्षांत तिथे मला ते कोणी विचारलं नव्हतं. मी माझं नाव सांगितलं. काका लिहायला लागले, तर मी ते पुन्हा एकदा सांगितलं.