केळझरला माझ्या आधी पोचलेले बाबा

मी विमा कंपनीत क्लेम तपासते. लोक जे सांगतात त्यातलं खरं किती आणि मागून जोडलेलं किती, हे पाहण्याचाच पगार मिळतो मला. त्यामुळे या सदरातले अनुभव आजवर वाचले ते चहासोबत, करमणूक म्हणून. भूतबित, दृष्टांत... कशावरच विश्वास नव्हता. आज बसला आहे असंही म्हणणार नाही. घडलं ते ज्या क्रमानं घडलं, त्याच क्रमानं लिहिते आहे.

माझं माहेर वर्ध्याचं. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. नोकरीभर त्यांनी जिल्ह्यातली गावं पायांनी पालथी घातली. "वर्धा काय, कालचं पोरगं," ते म्हणायचे. "जुनं पाहाचं असन तं पवनार पाह्य, केळझर पाह्य, देवळी पाह्य." मी यातलं काहीच नीट पाहिलं नव्हतं. शिकले, पुण्याला गेले, तिथलीच झाले.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. बोलणं गेलं नाही, पण डावा हात गेला आणि डावा पाय ओढत चालावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी घराचं फाटक ओलांडणंच बंद केलं. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत. "लोकायनं मले असं नाई पाहावं," एवढंच बोलायचे. डॉक्टर म्हणायचे, बाहेर न्या, नाहीतर आहे तो पायही जाईल. आईनं सांगून पाहिलं, रडून पाहिलं. मग तीही गप्प झाली.

यंदा जानेवारीत सुट्टी घेऊन आले होते. एका सकाळी सहज म्हटलं, "बाबा, मी तुमची ती जुनी गावं बघून येते." किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला! कुठून वळायचं, कुठे थांबायचं, सगळं सांगत बसले.

"तुम्हीही चला ना. शेजारच्या काकांची गाडी मागू."

"मी नाई येत. तू शूटिंग करून आण मोबाइलवर. मले दाखव."

आईची स्कूटी घेऊन निघाले. निघताना बाबा अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पवनारला गावात शिरायच्या आधी रस्त्याच्या कडेला एक बाई स्वतःच्या वाडीतली वांगी, मेथी घेऊन बसली होती. जुन्या गावाची वाट विचारायला थांबले. तिनं मला नीट न्याहाळलं.

"चिंगी तुम्हीच काय, ताई?"

चिंगी मला फक्त बाबा म्हणतात. माझ्या नवऱ्यालाही हे नाव माहीत नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बाबानं. आताच गेले ना पुढं. म्हणे, लेक येऊन राह्यली मांगून, तिले नदीकडच्या वाटेनं पाठवजो, इकडून रस्ता खोदला हाये."

तिनं पूजा, पुष्पा असं एखादं नाव घेतलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण चिंगी... तरी मी सोडूनच दिलं. बाबांच्या ओळखीचं कुणी असेल, त्यांनी फोन केला असेल — अशी एक जुळणी मनात करून टाकली. क्लेमच्या कामात अशा जुळण्या मीच लोकांच्या खोडून काढते. पुढे गेले तर रस्ता खरंच खोदलेला होता. नदीकडून वळसा घेतला, शूटिंग केलं आणि सेलूवरून केळझरला आले.

केळझरला टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे. खाली एका टपरीवर थांबले. टपरीवाल्या मावशींनी मी काही बोलायच्या आधीच ग्लास समोर ठेवला. घोट घेतला. बिनसाखरेचा. मी तसाच पिते.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"काका सांगून गेले ना. लेकीले साखर नोको टाकू म्हणे."

आता मात्र मी हातातला ग्लास खाली ठेवला. आमच्या कामात एक नियम असतो — साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. मी फक्त विचारलं, "कसे दिसत होते?"

"पांढरा सदरा. खिशात पेन. आन डावा हात असा..." मावशींनी स्वतःचा हात कोपरात मुडपून पोटाशी धरला. अगदी बाबा धरतात तसा. "पण चालाले मोठे चपळ, बापा! हे टेकडी चढून गेले भराभरा."

"आणखी काही म्हणाले?"

"हाव. मांगच्या जुन्या विहिरीत उतरू नोको म्हणा, वरचाच दगड सुटला हाये."

मी आईला फोन लावला. "बाबा कुठे आहेत?"

"कुठं असन? खाटेवर. तू गेली तवापासून झोपून हायेत. काऊन?"

"काही नाही," म्हटलं आणि ठेवला.

टेकडीला वळसा घालून त्या विहिरीपाशी गेले. पायऱ्यांची जुनी विहीर, आत हिरवं पाणी. वरची पायरी दिसायला चांगली भक्कम होती. बाजूच्या झाडाला धरून तिच्यावर नुसता पाय टेकवला, जोर दिला. दगड हलला, कलंडला आणि सरळ पाण्यात गेला. आवाज वर यायला जरा वेळच लागला. भीती वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा मी फक्त हात झाडले आणि स्कूटीकडे चालू लागले. देवळीला मात्र गेले नाही, सरळ वर्ध्याकडे वळले.

घरी येऊन सगळं सांगितलं. आईनं लगेच मीठमोहऱ्या आणल्या, ओवाळल्या. बाबांनी विचारलं, "हात कसा होता म्हनते त्याचा?"

"पोटाशी. तुमच्यासारखा."

"आन चालत होता?"

"भराभर. टेकडी चढून गेले म्हणे."

"तुमी त्या विहिरीचं कधी सांगतलं होतं काय हिले?" आईनं बाबांना विचारलं. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण बाबांनी मान हलवली. त्या विहिरीकडे ते कधी गेलेच नव्हते.

मग ते खाटेची कड धरून उठायला लागले. "गाडी सांग शेजारच्याले. माह्या पायानं कोन फिरून राह्यला, पाहू तं दे मले!"

दुसऱ्या दिवशी, दोन वर्षांत पहिल्यांदा, बाबा फाटकाबाहेर पडले. केळझरला टपरीसमोर गाडी थांबवली. मी मुद्दामच काही बोलले नाही. मावशी हात पुसत आल्या, खिडकीतून आत वाकल्या आणि ओळखीचं हसल्या.

"आज उतरत नाई काय, काका?"

बाबांनी उजव्या हातानं दार उघडलं. मग म्हणाले, "उतरतो ना, बाई. आज जराक हळू उतरतो." आणि माझ्या खांद्यावर भार देऊन खाली उतरले. टपरीच्या बाकावर बसून त्यांनी चहा घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. टपरीवर चारचौघे होते, सगळ्यांनी त्यांना पाहिलं.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. बाबांच्या फोनवरून कुणाला कॉल गेला नव्हता. त्यांना भाऊ एकच, तो नागपूरला, आणि त्याचे दोन्ही हात धड आहेत. पवनारच्या बाईंना नंतर शोधलं, त्याही आपल्या बोलण्यावर ठाम आहेत. माझ्याकडे असा क्लेम आला असता तर मी त्यावर काय शेरा मारला असता, मला खरंच माहीत नाही.

आता बाबा रविवारी बाहेर पडतात. देवळी झालं, सिंदी झालं, हिंगणघाटची जुनी पेठ झाली. मी पुण्याहून फोन केला की आई सांगते — प्रत्येक गावात शिरलं की ते काच खाली करायला लावतात आणि पहिला जो माणूस दिसेल त्याला विचारतात, "काहो भाऊ, मी इकडं येऊन गेलतो काय?"

अजून कुणी हो म्हटलेलं नाही.